चवथीच्या देखाव्यातली रेल्वे: लाईट गेल्यावर कंट्रोल बॅटरीवर कसा ठेवावा?

साखळीचा_गाडीवान
१२ जुलै, रात्री १०:४८

मंडळी, प्रश्न रेल्वेचा आहे, पण खऱ्या रेल्वेचा नाही. खेळण्यातल्या रेल्वेचाही नाही. (हे आधीच सांगितलेलं बरं, घरी रोज ऐकून घेतो.)

गेल्या चवथीला आमच्या गणपतीपुढे दूधसागरचा देखावा केला होता. आठ बाय चार फुटांचा प्लाय, कागदाच्या लगद्याचा डोंगर, माशांच्या टाकीतला पंप लावून धबधबा आणि त्यासमोरून जाणारी एचओ मापाची गाडी. म्हणजे प्रमाण १:८७, दोन रुळांत अंतर १६.५ मिलिमीटर. पुढे एक डब्ल्यूडीजी-४ (मालगाडीचं डिझेल इंजिन), मागून ढकलायला दुसरं, घाटात असतं तसंच. इंजिनं मुळात अमेरिकन आहेत, रंग माझा. जाणकारांनी फार जवळून पाहू नये.

कंट्रोल डीसीसीचा. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: रुळांत कायम १४-१५ व्होल्ट असतात आणि त्याच रुळांतून प्रत्येक इंजिनाला वेगळा हुकूम जातो. हुकूम सोडणारा आर्डुइनो मेगा (प्रोग्राम करायचा कंट्रोलर बोर्ड) आणि त्यावर बसवलेली, रुळांना वीज सोडणारी मोटर शील्ड. सात सांधे (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते त्या जागा), प्रत्येकाखाली एक छोटा सर्व्हो (सांगितलेल्या कोनात फिरणारी मोटर), ते हलवायला दोन नॅनो, म्हणजे मेगाची धाकटी भावंडं. सिग्नल आणि बटणांना तिसरा नॅनो. या सगळ्यांवर मुकादम म्हणून रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर, त्यावर जेएमआरआय हे मॉडेल रेल्वे चालवायचं सॉफ्टवेअर.

आता रडगाणं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घुमट आरती (घुमट म्हणजे आमचं गोव्याचं मातीचं चर्मवाद्य) रंगात आलेली, बाहेर धो धो पाऊस, आणि लाईटीने नुसती पापणी मिटली. एक सेकंदही नसेल. परत आली तेव्हा तिन्ही नॅनो पहिल्यापासून सुरू झाले, सातही सर्व्हो झटका देऊन मधोमध जाऊन बसले. सांधा ना इकडचा ना तिकडचा, आणि गाडी नेमकी त्याच्यावर उभी. मी घाईत न बघता गाडी सोडली. पुढचं इंजिन एकीकडे, डबे दुसरीकडे, आणि शेवटी ते इंजिन सरळ दूधसागरात. पायचं मेमरी कार्डही बसलं, रात्री दोनपर्यंत सगळं परत टाकत होतो.

यंदा तयारी आतापासून करायची आहे. प्रत्येक नॅनोला नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी लावावी का? की पॉवर बँक? की मोठी बॅटरी घेऊन सगळंच तिच्यावर?


घुमटवादक
१२ जुलै, रात्री ११:१५

त्या आरतीला मी होतो. इंजिन पाण्यात पडलं तेव्हा शामेळवाल्याचा (साथीच्या ढोलवाल्याचा) हात थांबला, पण घुमट थांबलं नाही हे नोंदवून ठेवा. हहपुवा (हसून हसून पुरेवाट).


कंडेन्सर
१३ जुलै, सकाळी ७:०२

चौकोनी बॅटरीचा विचार आजच सोडा. ती धूर झाल्यावर किंचाळणाऱ्या डब्यासाठी आहे, म्हणजे अगदी थोडा करंट, वर्षभर. अल्कलाइन घेतली तरी तिच्यात ५०० मिलीअँपिअर-तासांच्या आसपास माल. वर तिचा अंतर्गत रोध इतका, की सर्व्होने हिसका मारला की व्होल्टेज कोसळतं. छोटा सर्व्हो अडकला तर एकटा अर्ध्या अँपिअरच्या वर ओढतो. शिवाय नॅनोच्या व्हीइनला (बाहेरची वीज घ्यायच्या पिनला) नऊ दिले तर बोर्डावरचा रेग्युलेटर त्यातले चार व्होल्ट नुसते तापून घालवणार. म्हणजे जवळजवळ निम्मी बॅटरी हवा गरम करायला.

तुमच्या सर्व्होंना झटका का बसला त्याचं कारण मात्र वेगळं आहे, आणि ते समजून घेण्यासारखं आहे. नॅनोवरची चिप १६ मेगाहर्ट्झला चालते. त्या वेगाला चार व्होल्टच्या खाली तिचा भरवसा नाही. पण तिला रिसेटमध्ये ढकलणारा आतला पहारेकरी जागा होतो तो २.७ व्होल्टला. या मधल्या पट्ट्यात चिप ना मेलेली ना जिवंत. तापात बडबडणाऱ्या माणसासारखं काहीही करते. ईईप्रॉममध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत) सांध्यांच्या जागा लिहिल्या असतील तर त्याही याच वेळी खराब होतात. लाईट पूर्ण गेली तर परवडलं, पापणी मिटलेली वाईट.

आणखी एक, कारण कोणीतरी सुचवेलच: चार पेन्सिल सेल थेट पाच व्होल्टच्या पिनला लावू नका. कोरे अल्कलाइन चार मिळून ६.४ पर्यंत जातात, चिपची मर्यादा ५.५. चार्ज होणारे निकेलचे चार असतील तर नावाला ४.८, पण नुकतेच भरलेले असताना तेही ५.५ च्या पुढे जाऊ शकतात.


वास्को_लोकल
१३ जुलै, सकाळी ९:४०

पॉवर बँकेची हौस मी फेडून घेतली आहे, तुम्ही पैसे वाचवा. नाव घेत नाही, चांगली महागातली होती. तिच्यावर एकटा नॅनो लावला, तर अर्ध्या मिनिटात बंद. कंपनीची चूक नाही. करंट फार थोडा जातो म्हणजे फोन भरला असं ती समजते आणि झोपते. तिला जागं ठेवायला मी एक रोधक लावून उगाच करंट जाळत बसलो. म्हणजे चोर येऊ नये म्हणून रात्रभर गाणं म्हणायचं.

मग वाटलं, चार्जर तिला आणि ती रास्पबेरी पायला, असं कायम ठेवू. काही पॉवर बँका एका वेळी घेतात किंवा देतात, दोन्ही करत नाहीत. माझी दोन्ही करायची, पण चार्जर काढला की मध्ये क्षणभर श्वास घ्यायची. तेवढ्यात पाय रिसेट. ज्यासाठी लावली तेच झालं.


मिरची_नेवरी
१३ जुलै, दुपारी १:२५

माझा अडाणी प्रश्न. घरात इन्व्हर्टर आहे ना? साखळी गावात कोणाकडे नसतो हल्ली? त्याच्यावर प्लग लावला की संपलं. इतकं रामायण कशाला?


साखळीचा_गाडीवान
१३ जुलै, दुपारी १:५०

ताई, आहे. पण त्याची लाईन देवखोलीत जात नाही. दोन खोल्यांचे पंखे आणि आईचा टीव्ही, एवढ्यापुरताच आहे. टीव्हीची जागा रेल्वेला द्या असं सांगायची माझी छाती नाही.


कंडेन्सर
१३ जुलै, दुपारी २:१०

ताईंचा प्रश्न अडाणी अजिबात नाही. इन्व्हर्टरने काम भागतं, पण त्यावर बहुधा मागे एक बटण असतं, यूपीएस मोडचं. ते चालू नसेल तर बदल व्हायला वेळ लागतो. आपल्याकडे विजेची एक लाट २० मिलिसेकंदांची, आणि साधा अडॅप्टर पूर्ण लोडवर तेवढाच काळ कसाबसा श्वास रोखतो. इन्व्हर्टरने त्याहून उशीर केला की नॅनो गेले. म्हणून पंखा फिरत राहतो आणि कॉम्प्युटर मात्र बंद पडतो. वर बॅटरीचे २३० व्होल्ट करायचे, परत १५ करायचे, परत ५ करायचे. चार वाट्यांसाठी अख्खी भट्टी पेटवल्यासारखं आहे. बॅटरी सरळ डीसी बाजूलाच हवी.


सांधेवाला
१३ जुलै, रात्री ९:३०

मी रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालो. कुळे ते कॅसलरॉक घाटात बरीच वर्षं काढली. सोनावळी, दूधसागर, करंझोळ ही नावं तुमच्यासाठी सहलीची, आमच्यासाठी पावसात बॅटरी खोलीत पाणी शिरलं का ते बघायची.

खऱ्या स्टेशनवर पॅनलमागे दोन व्होल्टचे ५५ सेल ओळीने असतात, ११० व्होल्टची बँक. सांधा फिरवणारं यंत्र ११० डीसीवर, रिले (विजेने चालणारे स्विच) २४ वर. लाईट गेली तर पॅनलला कळतसुद्धा नाही, कारण ते कायम बॅटरीवरच असतं आणि चार्जर मागून भरत राहतो. गेल्यावर 'बदल' करायचा ही भानगडच नाही. तुम्हालाही तसंच करायला हवं.

पण त्याच्या आधी एक ठरवा. तुम्हाला लाईट गेल्यावर गाडी चालवायची आहे का? माझ्या मते नाही. जुने हाताचे सिग्नल आठवतात? हात खाली म्हणजे जा, आडवा म्हणजे थांब. तार तुटली की वजनाने हात आपोआप आडवा व्हायचा. रुळातल्या सर्किटचा करंट गेला की रिले पडतो आणि सिग्नल लाल होतो. गाडीचा ब्रेक पाइप फुटला की ब्रेक लागतात, सुटत नाहीत. १:३७ चा उतार आहे तिथे, त्यामुळे खाली येणारी गाडी वाटेत थांबवून ब्रेक तपासूनच पुढे सोडतात. बिघाड झाला की सगळं थांबण्याच्या बाजूला पडलं पाहिजे, मग तुमचा डोंगर कागदाचा का असेना.

तेव्हा बॅटरी मेंदूला द्या. हातापायांना, म्हणजे इंजिनांना, देऊ नका. रूळ मेले तर मरू देत.


मिरची_नेवरी
१३ जुलै, रात्री १०:०४

काका, हे वाचून अंगावर काटा आला. वाचनखूण साठवली. अडाण्याचा दुसरा प्रश्न: लाईट गेली तर छोटी गाडी उतारावरून मागे घरंगळत नाही?


वास्को_लोकल
१३ जुलै, रात्री १०:२०

नाही. बहुतेक इंजिनांत मोटरपुढे वर्म गिअर असतो. मोटर चाक फिरवते, चाक मोटर फिरवू शकत नाही. इंजिन जागच्या जागी कुलूप लावल्यासारखं उभं राहतं. कपलिंग सुटलं तर डबे मात्र खाली पळतात. त्यासाठीच मागे दुसरं इंजिन.


साखळीचा_गाडीवान
२० जुलै, रात्री ११:३२

काकांचं म्हणणं पटलं. हिशेब मांडला आहे, तपासा.

मेंदू म्हणजे रास्पबेरी पाय, मेगा, तीन नॅनो. मीटर लावून मोजलं तर पाच व्होल्टवर मिळून सुमारे ०.७ अँपिअर, म्हणजे साडेतीन वॅट. बारा व्होल्ट सात अँपिअर-तासाची बंद लेड बॅटरी घेतली, यूपीएसमध्ये असते ती, तर १२ गुणिले ७ म्हणजे ८४ वॅट-तास. लेड बॅटरी निम्म्याखाली उतरवायची नाही, म्हणून ४२ धरले. बारा-पाच करणाऱ्या बक मॉड्यूलमध्ये थोडं वाया जाणार, ३५ उरले. भागिले साडेतीन, दहा तास!

मला हवं अर्धा तास. म्हणजे १.३ अँपिअर-तासाची छोटी बॅटरीसुद्धा दोनेक तास देईल. तरी सातवाली घेतली. दुकानात तीच होती, आणि खरं सांगायचं तर बाहेर पावसाचा रंग बघून हात छोटीकडे गेलाच नाही.


अनुस्वार
२१ जुलै, सकाळी ८:१५

लेड कशाला? एवढा दगड. माझ्याकडे १८६५० चे लिथियम सेल आहेत, प्रत्येकावर ९८०० मिलीअँपिअर-तास छापलंय. तीन जोडले की झालं. कुरिअरने पाठवतो हवे तर.


कंडेन्सर
२१ जुलै, सकाळी ८:५५

ते परत पाठवा, ज्याने दिले त्याला. या आकाराच्या सेलमध्ये खरा माल साडेतीन हजारांच्या आसपास संपतो. ९८०० छापलेला सेल म्हणजे दुधावर 'साय ९ इंच' लिहिण्यासारखं. हातात घेऊन वजन करा, चांगला सेल ४५ ग्रॅमच्या पुढे भरतो. तुमचा तीस-पस्तीस भरला तर आत काय आहे ते न उघडता समजा.

चांगले लिथियम वाईट नाहीत. पण तीन जोडायचे तर प्रत्येकावर लक्ष ठेवणारा बीएमएस हवा, भरायला १२.६ वर थांबणारा चार्जर हवा. आणि हे ठेवणार कुठे, तर देवखोलीत, समईच्या पायाशी, मखराच्या कापडाखाली. नको. लिथियम हवंच असेल तर फॉस्फेटवालं, चार सेलचं १२.८ चं, ते तापायला जरा शहाणं. पण पहिल्यांदा करणाऱ्याला मी लेडच सांगेन. बिनडोक आहे, पण स्वभाव माहीत असलेली.

तिचेही दोन नियम. बंद डब्यात कोंडू नका, जास्त भरली तर थोडा हायड्रोजन सोडते. आणि फ्यूज थेट बॅटरीच्या टोकाशी, तीन अँपिअरचा. वायरच्या दुसऱ्या टोकाला लावलेला फ्यूज वायर वाचवत नाही. सातची बॅटरी शॉर्ट झाली तर पाना वेल्ड करते, मी केला आहे.


साखळीचा_गाडीवान
३ ऑगस्ट, रात्री १२:०५

फसलो. रागावू नका.

दोन डायोड (करंट एकाच दिशेने सोडणारे) लावले, १एन५८२२. एक बारा व्होल्टच्या अडॅप्टरकडून, एक बॅटरीकडून, दोघांची तोंडं एकत्र करून बक मॉड्यूलला. ज्याचं व्होल्टेज जास्त त्याचा करंट जाणार, पुस्तकात लिहिलंय तसं. लाईट काढली, नॅनोंची पापणीही लवली नाही. मी घरभर नाचलो. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आलो, लाईट काढून दाखवायला बायकोला बोलावलं, आणि सगळं गप्प. बॅटरी ११ च्या खाली. दिवसभर लाईट होती हो!


कंडेन्सर
३ ऑगस्ट, सकाळी ६:५०

पुस्तक बरोबर, तुम्हीही बरोबर, म्हणूनच फसलात. ज्याचं व्होल्टेज जास्त त्याचा करंट. अडॅप्टर १२ चा, भरलेली बॅटरी १२.८ च्या वर. मग अडॅप्टर बसला पेपर वाचत आणि बॅटरीने दिवसभर राबवून घेतलं स्वतःला.

अडॅप्टर फेका. रुळांसाठी तुमचा १५ व्होल्टचा सप्लाय आहेच, त्यातूनच एक फांदी डायोडमार्गे बककडे आणा. पंधरा कायम बॅटरीच्या वर. बक २५९६ चिपवाला असेल तर इनपुट १५ असो की ११, बाहेर पाच ते पाचच. बॅटरी भरायला वेगळं छोटं मॉड्यूल १३.६ वर ठेवून कायम जोडलेलं, तो फ्लोट. त्याच्यावर ती महिनोन्महिने राहिली तरी हरकत नाही.

मोटर शील्डवरून मेगाला व्हीइन जातं ती जोडणी कापली का? नसेल तर १५ व्होल्ट मेगाच्या डोक्यात जातील. आणि मेगाला पाच व्होल्ट फक्त पायच्या यूएसबीतून द्या. दोन बाजूंनी दिलेत तर ते एकमेकांत घुसतात.

रच्याकने (जाता जाता), बॅटरी इतकी खाली गेली असेल तर आजच चार्जला लावा. लेड उपाशी ठेवली की आतून दगड होते.


साखळीचा_गाडीवान
१० ऑगस्ट, रात्री ११:१०

बॅटरी वाचली. नवी जोडणी चालली. व्हीइन कापलं नव्हतं, आता कापलं (मेगा वाचला हे गणपतीचं देणं).

आणि आता ऐका नवं संकट. दोन्ही इंजिनं घाटात चढतीला, मेन स्विच बंद केला. गाडी थांबली, मेंदू जिवंत, सर्व्हो आपल्या जागी, सगळं काकांनी सांगितलं तसं. मी उठून स्वयंपाकघरात पाणी प्यायलो. मुलीने हौसेने स्विच लावला. आणि दोन्ही इंजिनं ज्या वेगात होती त्याच वेगात, कुणी न सांगता, एकदम निघाली. पुढे मी रुळावर स्क्रू-ड्रायव्हर विसरलो होतो.

आधी मेंदूच मरायचा म्हणून परत लाईट आल्यावर गाडी गप्प उभी राहायची. मी त्याला जिवंत ठेवला, आणि आता तो सगळं लक्षात ठेवून बसतो. रूळ बंद आहेत हे त्याला ठाऊकच नाही, तो अंधारातही हुकूम सोडतोय.


सांधेवाला
११ ऑगस्ट, सकाळी ६:१०

मी याचीच वाट बघत होतो. आधी सांगितलं असतं तर तुझ्या डोक्यात शिरलं नसतं.

लाईट जाताना कधी काही होत नाही. आमच्याकडेही माणसं जपायची ती करंट परत येताना. मेंदूला सांगायला हवं की लाईट गेली. पंधराच्या लाईनवरून, डायोडच्या आधी, एक तार मेगाकडे ने. ती तार पडली की सगळ्या इंजिनांना इमर्जन्सी स्टॉप आणि रुळांचा करंट बंद. लाईट परत आली तर काहीही करायचं नाही. नुसता एक पिवळा दिवा. माणसाने येऊन रूळ बघायचे, मग हिरवं बटण दाबायचं. आपोआप काही सुरू करू नकोस. आपोआप थांबलेलं चालतं.

त्या बटणावर झाकण बसव. घरात लहान मूल आहे.


कंडेन्सर
११ ऑगस्ट, सकाळी ७:३०

काकांना +१००. तार थेट नको, १० के आणि ३.३ के ओहमच्या दोन रोधकांनी व्होल्टेज भागून. पंधराचे पावणेचारच्या आसपास होतील, मेगाला समजायला पुरे. २३० च्या बाजूला काही मोजायला जाऊ नका.

सर्व्होंचा सप्लाय पण एका रिलेमागे ठेवा, मेंदू जागा होऊन दोन सेकंद झाले की मगच चालू. आणि तोपर्यंत सर्व्हो बोर्डाची ओई पिन (सिग्नल रोखणारी) वर, म्हणजे पाच व्होल्टला, धरून ठेवा, नाहीतर बिनविजेच्या सर्व्होला सिग्नलच्या तारेतून करंट जातो. मेंदू जिवंत असल्याने जागा त्याला आठवतातच, सर्व्हो उठेल तेव्हा आहे तिथेच उठेल.


वास्को_लोकल
११ ऑगस्ट, सकाळी ९:०५

आणखी एक खिडकी बंद करा. डीकोडरचा (इंजिनातल्या हुकूम वाचणाऱ्या चिपचा) सीव्ही २९, म्हणजे सेटिंग क्रमांक २९, बहुधा कारखान्यातून ६ असतो. त्यातले ४ म्हणजे 'साधा डीसी मिळाला तरी चाल'. रुळांत चुकून बॅटरीचा डीसी शिरला तर इंजिन पूर्ण वेगात सुटतं, हुकुमाची वाट बघत नाही. मी जेवणाच्या टेबलावरून एक फ्लोअरवर घालवलंय. २ लिहून टाका.

आणि इंजिनात कीप-अलाइव्हचा (थोडी वीज साठवणारा) कपॅसिटर घातला असेल तर रूळ मेल्यावरही ते थोडं पुढे जातं. म्हणून काकांचा क्रम महत्त्वाचा: आधी स्टॉप, मग करंट बंद. उलट केलंत तर हुकूम पोचणारच नाही.


साखळीचा_गाडीवान
११ ऑगस्ट, सकाळी ९:२०

थांबा. लाईटच गेली असेल तर रुळांत करंट आहेच कुठे स्टॉप पोचवायला?


वास्को_लोकल
११ ऑगस्ट, सकाळी ९:३१

बरोबर पकडलंत. पंधराच्या लाईनवर मोठा कपॅसिटर असेल तर क्षणभर मिळतो, त्यात हुकूम गेला तर गेला. नाहीच गेला तर सीव्ही ११ बघा. हुकूम येणं थांबलं तर किती वेळाने थांबायचं, ते त्यात असतं. शून्य असेल तर इंजिन शेवटच्या हुकुमावर चालतच राहतं.


मिरची_नेवरी
११ ऑगस्ट, दुपारी १२:४०

मला यातलं निम्मं कळत नाही, पण जेवण करपलं तरी वाचतेय. पुभाप्र (पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत).


साखळीचा_गाडीवान
१ सप्टेंबर, रात्री ९:१५

चवथ झाली, पाच दिवसांचा गणपती काल पोचवला. अहवाल.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, माटोळीखाली (गणपतीवर फळं-पानं बांधून टांगतात ती चौकट) माणसं दाटलेली, घुमट सुरू, आणि लाईट गेली. या वेळी पापणी नाही, चांगली चाळीस मिनिटं. समईच्या उजेडात गाडी दूधसागरच्या पुलावर उभी. धबधबा बंद. सिग्नल मात्र सगळे लाल, बॅटरीवर. त्या अंधारात सात लाल ठिपके. मावशी म्हणाली, हे मुद्दाम केलंस का? मी हो म्हटलं.

लाईट आली. पंप सुरू झाला, धबधबा पडायला लागला, पंखा फिरला, आणि गाडी जागची हलली नाही. पिवळा दिवा. पोरांनी गलका केला, 'बिघडली, बिघडली'. मी टॉर्च घेऊन रूळ बघितले तर पुलाच्या पुढे सुपारीचं एक फळ, माटोळीवरून पडलेलं. ते उचललं, झाकण काढून हिरवं बटण दाबलं.

बॅटरी संपूर्ण पाच दिवसांत १२.५ च्या खाली आली नाही. कनेक्टरांपैकी दोन हिरवे पडले होते, आपल्या हवेचा प्रसाद, ते बदलणार.


घुमटवादक
१ सप्टेंबर, रात्री ९:४०

या वेळी शामेळही थांबलं नाही.


कंडेन्सर
१ सप्टेंबर, रात्री ९:५२

आता देखावा आवरून माळ्यावर टाकाल. फ्यूज काढून ठेवा, आणि दर तीन महिन्यांनी बॅटरी खाली आणून एक रात्र चार्जला लावा. फोनमध्ये आत्ता आठवण लावा, मी ओळखतो लोकांना.


सांधेवाला
२ सप्टेंबर, सकाळी ६:०५

छान. बिघाडाची वही ठेवलीस का? प्रत्येक वेळची वेळ आणि कारण. आमच्याकडे ती नसली तर काम झालंच नाही असं धरायचे.


साखळीचा_गाडीवान
२ सप्टेंबर, सकाळी ८:२०

काका, वही नाही, पण माटोळीच्या सामानाच्या यादीमागे लिहिलंय. जसंच्या तसं:

२८ ऑगस्ट. सकाळी ११:०४ पापणी. काही नाही. कुणाला कळलं नाही.

२९ ऑगस्ट. संध्या. ७:२२ गेली, ८:०३ आली. रूळ पाहिले, सुपारी काढली, ८:०६ गाडी सोडली.

३० ऑगस्ट. दुपारी ३:१५. लाईट होती. सांधा ४ बसत नाही, सर्व्हो कुंईकुंई करतो. बॅटरी ठीक, व्होल्टेज ठीक, वायर ठीक. पाऊण तास शोधलं. कारण: पात्याखाली नेवरीचा (करंजीचा) चुरा.